गुऱ्हाळासाठी एपीआयवरून ऊन-पाऊस मोजला, त्याचा अनुभव

आमच्या मामांचं कोल्हापूरला करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे आणि दसरा जवळ आला की त्यांच्या तोंडात एकच विषय, परतीचा पाऊस. गुऱ्हाळाचं निम्मं गणित चिपाडावर असतं. रस काढून उरलेलं चिपाड अंगणात पसरायचं, वाळवायचं आणि तेच चुलवाणात घालायचं, आता वाळत आलेल्या चिपाडावर मधेच एक सर येऊन गेली की ते परत भिजतं, जाळ धरत नाही, काहील म्हणजे रसाची मोठी कढई तापायला वेळ लागतो आणि गूळ करणारा गुळव्या वैतागतो ते वेगळंच. मामांचं म्हणणं, पूर्वी दसऱ्यानंतर पाऊस नसायचा, आता दिवाळीतपण हाणतोय. शेजारच्या गुऱ्हाळवाल्या काकांचं बरोबर उलटं, पाऊस पूर्वीपण असायचाच, तुम्ही विसरलाय. मी घरातनंच कोडिंगचं काम करतो, रोज एपीआयशीच मारामारी (एपीआय म्हणजे प्रोग्रामला दुसरीकडनं थेट डेटा मागता येतो ती सोय), म्हटलं दरवर्षी एवढा वाद घालण्यापेक्षा डेटा काढून बघू की.

पहिल्यांदा वाटलं तयार आकडे मिळतील. आणि मिळतातही. हवामानातले टोकाचे प्रकार मोजायला तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं २७ इंडेक्स, म्हणजे ठरलेली मापं, करून ठेवलेत. वर्षातला सगळ्यात तापलेला दिवस, एका दिवसातला सगळ्यात जास्त पाऊस, सलग पाच दिवसांतला सगळ्यात जास्त पाऊस, २० मिलीमीटरच्या वरचे दिवस, सलग कोरडे दिवस असं सगळं त्यात आहे. जागतिक बँकेच्या क्लायमेट पोर्टलला एपीआय आहे, तिथं यातले बरेचसे आकडे आणि ३५ अंशाच्या वर किती दिवस गेले असले प्रकार तयार मिळतात, २०४०-२०५९ सारख्या पुढच्या काळाचे अंदाजसुद्धा. डेटासेटचं नाव तेवढं वाचताना दम लागतो, कुठला संच, कुठला इंडेक्स, वार्षिक का मासिक, कुठला कालखंड, कुठली परिस्थिती धरली, मीडियन म्हणजे मधला का टोकाचा आकडा, हे सगळं एकाच नावात अंडरस्कोअरनं जोडलेलं असतं आणि शेवटी देशाचा किंवा राज्याचा कोड. एकदा क्रम लक्षात आला की सोपं आहे.

पण राज्याची सरासरी घेऊन कोल्हापूरवाल्यानं करायचं काय? चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन आणि रत्नागिरीचा जुलैचा पाऊस एकत्र करून भागाकार केला की जे येतं ते धड चंद्रपूरचंही नसतं आणि रत्नागिरीचंही नसतं, आमचं तर नाहीच नाही. देशपातळीवरचा रिपोर्ट लिहिणाऱ्याला ते चालेल.

दुसरी अडचण जरा खोल आहे आणि ती मला इंडेक्स एकेक करून बघताना कळत गेली. हे इंडेक्स सगळ्या जगासाठी एकसारखे केलेत. त्यातला 'समर डे' म्हणजे कमाल तापमान २५ च्या वर गेलेला दिवस. आपल्याकडं वर्षातले बहुतेक दिवस त्यात बसतात, मग मोजून काय मिळालं? तसंच सलग कोरड्या दिवसांचं. एक मिलीमीटरपेक्षा कमी पाऊस झाला की दिवस कोरडा, आणि वर्षातली सगळ्यात लांब कोरडी रांग किती ते द्यायचं. कोल्हापुरात ती रांग कायम पाऊस संपल्यापासनं वळवापर्यंतची येणार, म्हणजे हिवाळा आणि निम्मा उन्हाळा. तो काही दुष्काळ नव्हे, ती आपली नेहमीची ऋतूची ठेवणच आहे. शेतकऱ्याला जी रांग चावते ती जुलै-ऑगस्टमधली उघडीप, आणि गुऱ्हाळवाल्याला जी रांग पाहिजे ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली. वार्षिक आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ठरवलं की रोजचा डेटा ओढायचा आणि मोजणी आपली आपण करायची.

रोजच्या डेटासाठी ओपन-मीटिओचा जुना डेटा देणारा एपीआय घेतला. खाजगी, बिनधंद्याच्या वापराला की, म्हणजे पासवर्डसारखा कोड, लागत नाही, रजिस्ट्रेशन नाही, ब्राउझरमध्ये पत्ता टाकला तरी उत्तर येतं. लॅटिट्यूड १६.७०, लाँगिट्यूड ७४.२४, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, मग डेली म्हणून कमाल तापमान, किमान तापमान आणि पावसाची बेरीज एवढं मागायचं, टाइमझोन एशिया/कोलकाता. उत्तर जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या साच्यात येतं, एका यादीत सगळ्या तारखा आणि शेजारी तेवढ्याच लांबीच्या याद्या तापमानाच्या आणि पावसाच्या, पायथॉनमध्ये पांडाज ही टेबलं हाताळायची लायब्ररी असेल तर दोन ओळीत टेबल तयार. त्या उत्तराच्या सुरुवातीला लॅटिट्यूड-लाँगिट्यूड परत दिलेला असतो आणि तो आपण मागितलेल्यापेक्षा थोडा वेगळा असतो, तो नीट बघून ठेवा, कारण आकडा तुमच्या अंगणातला नसून नकाशावर आखलेल्या जाळीतल्या जवळच्या चौकोनाचा असतो. त्यावर पुढं बोलतो.

हा सगळा डेटा म्हणजे कुणी रोज मापक घेऊन उभं राहिलेलं नाही. युरोपियन हवामान केंद्राचा ईआरए५ म्हणून संच आहे, स्टेशन, सॅटेलाइट, बलून, जहाजं जिथनं मिळेल तिथनं निरीक्षणं घेऊन हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलच्या आधारानं मागच्या काळाचं तासातासाचं हवामान परत उभं केलंय, १९४० पासून. एपीआयला मॉडेल सांगितलं नाही तर तो आपल्या मनानं चांगलं वाटेल ते निवडतो, अलीकडच्या वर्षांना जास्त बारीक जाळीचं मॉडेल, जुन्या वर्षांना ईआरए५. परवा किती पाऊस झाला एवढंच बघायचं असेल तर ते बेस्ट, पण तीस वर्षांची तुलना करायची असेल तर मधे मॉडेल बदलल्यावर जो फरक दिसेल तो हवामानाचा का मॉडेलचा कसं सांगणार? त्यांच्या कागदपत्रांतही हे लिहिलंय. म्हणून मॉडेल्सच्या जागी ईआरए५ असं स्पष्ट टाकायचं. एवढ्या एका शब्दावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

मग दिवसाचा घोळ. आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असतो आणि आकडा त्या दुसऱ्या तारखेच्या नावावर लागतो. एपीआयचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री. आता परतीचा पाऊस येतो संध्याकाळी, ढग दुपारनंतर जमतात आणि सातला-आठला कोसळतो, म्हणजे एपीआयमध्ये १२ तारखेचा पाऊस पेपरमध्ये १३ तारखेला दिसणार. महिन्याच्या बेरजेला काही फरक पडत नाही पण एकेक दिवस ताडून बघायचा असेल तर वेड लागायची पाळी. यावर उपाय म्हणजे डेली न घेता तासाचा डेटा घ्यायचा आणि टाइमझोन जीएमटीच ठेवायचा, आपले साडेआठ म्हणजे तिकडचे बरोबर ३. त्यातही तासापुढचा आकडा हा आधीच्या तासाभराची बेरीज असतो, म्हणून ४ पासून दुसऱ्या दिवशीच्या ३ पर्यंत चोवीस आकडे मिळवायचे. हे केल्यावर तारखा खात्याच्या तारखांना लागतात.

आता चौकोनाचं. कोल्हापूर जिल्ह्यात पावसाच्या बाबतीत जे आहे ते जगात फार थोड्या ठिकाणी असेल. गगनबावड्याला वर्षाला हजारो मिलीमीटर, आणि तिथनं सरळ पूर्वेला साधारण ८० किलोमीटरवर शिरोळ, तिथं काहीशे मिलीमीटरवर समाधान मानायचं. ईआरए५ चा चौकोन पाव अंशाचा, म्हणजे आपल्या इथं बाजू २७ किलोमीटरच्या आसपास. एवढ्या चौकोनात घाटमाथा, त्याच्या अलीकडचं पठार आणि कधी कधी पलीकडचं कोकण पण येतं आणि सगळ्यांची मिळून एक उंची, एक पाऊस. सह्याद्री मॉडेलला गुळगुळीत झालेला दिसतो. त्यामुळं घाटातला पाऊस कमी येतो, आणि एका दिवसातला जो टोकाचा आकडा असतो तो तर हमखास बसका येतो.

पडताळणीसाठी नासाच्या पॉवर प्रकल्पाचा एपीआय पण लावला, त्यालाही की नको, १९८१ पासून रोजचा डेटा मिळतो. तिथं तारखा सलग आठ अंकांत लिहायच्या, मधे रेघा नाहीत, कम्युनिटी म्हणून शेतीची एजी टाकायची. पण त्याचा चौकोन अर्धा अंश उभा आणि ०.६२५ अंश आडवा, म्हणजे आडवं अंतर ६५ किलोमीटरच्या वर. अख्खा जिल्हा एकदोन चौकोनांत गेला! गगनबावडा आणि कोल्हापूर शहराला जवळपास सारखाच पाऊस दाखवणारा डेटा बघून आमच्याकडच्या कुठल्याही कंडक्टरनं हसून तिकीट फाडलं असतं. आणखी एक, त्यात जिथं आकडा नसतो तिथं उणे ९९९ लिहिलेलं असतं, अगदी अलीकडच्या दिवसांना तर हमखास, ते आधी रिकामं करून घ्यायचं नाहीतर महिन्याचा पाऊस उणे येतो. तापमानासाठी मात्र पॉवर वाईट नाही, चढउतार ईआरए५ शी बऱ्यापैकी जुळतो.

पावसाला शेवटी आपल्या हवामान खात्याचाच जाळीचा डेटा आणला, तो स्टेशनवरच्या मोजमापावरनं केलेला आहे, पाव अंशाचा, १९०१ पासून. तो सरळ पत्ता टाकून मिळत नाही, वर्षाची एक बायनरी फाइल येते, पण आयएमडीलिब नावाची पायथॉन लायब्ररी आहे, ती फाइल उतरवते आणि आपल्या बिंदूचा आकडा काढून देते. तापमानाची जाळी त्यात एक अंशाची आहे, फार जाडी, ती सोडली. युरोपच्या कोपर्निकस प्रकल्पाच्या क्लायमेट डेटा स्टोअरमधनंही ईआरए५ थेट मिळतो, अकाउंट काढून, लायसन्स मान्य करून, की फाइलमध्ये ठेवून, आणि मग रांगेत थांबून. मोठं काम असेल तर तोच रस्ता. एका गुऱ्हाळासाठी एवढं कोण करतंय.

डेटा खरा का खोटा बघायची आमच्या गावात सोपी पद्धत आहे, महापूर. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कुणाला सांगायला नको, हायवे बंद, राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी कधीच मागं पडलेली. सलग पाच दिवसांच्या पावसाचा इंडेक्स काढला आणि बघितलं की ही दोन वर्षं वर येतात का. शहराच्या बिंदूवर बघून काही कळत नाही हे मात्र आधीच डोक्यात पाहिजे, कारण पंचगंगेला पूर शहरातल्या पावसानं येत नाही, तो कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीच्या खोऱ्यात पडलेल्या पावसानं येतो. शहरात उघडीप असते आणि पाणी चढत असतं, हे प्रत्येकानं बघितलंय. म्हणून राधानगरी, गगनबावडा आणि पन्हाळ्याच्या पश्चिमेचा एकेक बिंदू घेतला, एपीआयला स्वल्पविराम देऊन एकाच वेळी अनेक बिंदू मागता येतात, आणि तिथल्या पाच दिवसांच्या बेरजा लावल्या. दोन्ही वर्षं उठून दिसली. आकडा कमी असेल पण वर्षांचा क्रम बरोबर लागतोय, म्हणजे तुलनेला डेटा चालतो, एका दिवसाचा विक्रम सांगायला चालत नाही.

आता मूळ मुद्दा, चिपाड. मामांना फोन लावला.

"मामा, चिपाड वाळायला सलग किती दिवस कोरडे पाहिजेत?"

"ऊन चांगलं असलं तर चार दिवस बास. पण मधी एक सर आली तर परत पयल्यापासनं, हे लिव्ह त्यात."

"आणि भुरभुर आली तर?"

"भुरभुरीनं काय होत नाही रं, वारं सुटलं की उडून जातंय. अंगण वलं झालं पाहिजे, तर तो पाऊस."

मामांनी एका फोनमध्ये मला अख्खा इंडेक्स सांगितला, मोजणी कुठं तोडायची आणि कशाला पाऊस म्हणायचं नाही ते धरून. तो भुरभुरीचा मुद्दा फार कामाचा, कारण मॉडेलला सारखी भुरभुर दाखवायची खोडच असते. शून्याच्या वर काहीही आलं तर पाऊस असं धरलं तर ऑक्टोबरमध्ये कोरडा दिवसच सापडत नाही, रोज कुठं ०.१, कुठं ०.३. हवामान खातं २.५ मिलीमीटर किंवा जास्त झाला तरच पावसाचा दिवस म्हणतं, तेच माप घेतलं. मग १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर एवढाच तुकडा घेऊन दोन गोष्टी मोजल्या, पावसाचे दिवस किती, आणि चार कोरड्या दिवसांची पहिली रांग कुठल्या तारखेला पुरी झाली. कोड म्हणाल तर एक काउंटर, कोरडा दिवस आला की एकानं वाढव, पाऊस आला की शून्य कर. तालुक्याच्या पावसाचे आकडे राज्याच्या कृषी खात्याच्या महारेनवर असतात, अलीकडची काही वर्षं त्याच्याशी ताडून बघितली.

निघालं काय, तर ऑक्टोबर हा महिनाच लहरी आहे. एखाद्या वर्षी पहिल्या आठवड्यातच रांग पुरी होते आणि एखाद्या वर्षी महिना संपत आला तरी काउंटर शून्यावरनं हलत नाही. २०१९ आणि २०२० पाठोपाठ आले, दोन्ही वर्षी ऑक्टोबरच्या पावसानं महाराष्ट्रात पिकांचं वाटोळं केलं होतं, आणि मामांच्या डोक्यात तीच दोन बसलीयत. काकांना आठवतात ती जुनी वर्षं, त्यातही ओले ऑक्टोबर आहेतच. सरळ रेष ओढून बघितली पण सुरुवातीचं वर्ष बदललं की रेष तोंड फिरवते, असल्या रेषेवर मी कुणाशी वाद घालणार नाही, म्हणून ती काढून टाकली आणि प्रत्येक वर्षाला एक पट्टी असा साधा तक्ता केला, ओला दिवस निळा, कोरडा दिवस पिवळा. तो मात्र दोघांनी फोनवर मोठा करून करून बघितला. काका म्हणाले, "बघ, म्हटलं न्हवं तुला," आणि मामापण नेमकं हेच म्हणाले.

उन्हाचं काम त्या मानानं सरळ. तापमान पावसासारखं गल्लीगल्लीला बदलत नाही, त्यामुळं चौकोनाचा त्रास कमी. फक्त मर्यादा कुठली धरायची ते ठरवायला लागतं. खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्या सपाट भागाला किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त अशी आहे, आणि कोल्हापूर ४० ला क्वचित जातं, म्हणजे त्या मापानं इथं ऊन वाढलं का हे कळणारच नाही. मी १९९१ ते २०२० हा तीस वर्षांचा काळ पाया धरला, मार्च ते मे मधला सगळ्यात तापलेला दहावा हिस्सा कुठल्या तापमानाच्या वर जातो ते काढलं आणि दरवर्षी त्याच्या वर किती दिवस गेले ते मोजलं. आणि किमान तापमान सोडू नका. सगळे दुपारचं बघतात, पण रात्र गार होते का नाही हे जास्त बोलतं. गुऱ्हाळालासुद्धा त्याचा संबंध आहे, नोव्हेंबर ते जानेवारीत रात्रीची थंडी पडली की उसात साखर भरते, उतारा वाढतो, म्हणून त्या तीन महिन्यांत १५ अंशाच्या खाली गेलेल्या रात्री असा एक रकाना वाढवला. मामांना हा रकाना पावसापेक्षा जास्त आवडला कारण त्यावर भांडायला काका तयार नव्हते.

काही बारीकसारीक. फुकटच्या एपीआयला मिनिटाची, तासाची, दिवसाची मर्यादा असते, आणि लांब कालावधी मागितला तर ती एक मागणी न धरता जास्त धरतात, म्हणून लूपमध्ये अनेक गावं फिरवली की ४२९ असा कोड येतो, तेव्हा चिडायचं नाही, थोडं थांबून परत मागायचं. एकदा आलेला डेटा लगेच फाइलमध्ये ठेवा, जुना पाऊस काही बदलणार नाही, तोच परत परत कशाला ओढायचा. ईआरए५ ला साधारण पाच दिवसांचा उशीर असतो, आजचा आकडा त्यात शोधू नका. मागितलेलं नाव चुकलं तर उत्तरात एरर आणि शेजारी कारण साध्या इंग्रजीत येतं, ते वाचा, निम्मे प्रश्न तिथंच सुटतात. आणि तक्ता कुणाला पाठवणार असाल तर खाली डेटा कुणाचा ते लिहा, लायसन्समध्ये तशी अट आहे.

तक्ता फिरत फिरत इचलकरंजीच्या एका मित्राकडं गेला, त्याचे माग आहेत. त्याला पाऊस नको, त्याला शेडमधल्या रात्रपाळीचं बघायचंय, एप्रिल-मे मध्ये रात्री अकरानंतर हवा किती तापलेली आणि किती दमट असते ते. डेली किमान तापमानानं त्याचं काम होणार नाही, ते पहाटेचं असतं. त्याच्यासाठी तासाचं तापमान आणि आर्द्रता मागवलीय, लाँगिट्यूड ७४.४६ केला, रात्री अकरा ते पहाटे तीन एवढेच तास ठेवले. पत्र्याखालचं तापमान बाहेरच्यापेक्षा किती जास्त असतं हे कुठल्याच एपीआयमध्ये नाही, त्यासाठी त्याला शेडमध्ये एक थर्मामीटर टांगून रात्रपाळीच्या माणसाकडनं वहीत लिहून घ्यायला सांगितलंय.